औषध तुमच्या हातात, चिठ्ठी कुणाची? सीमाभागातल्या नव्या सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आणि नर्सेससाठी

खानापूर तालुक्यात घाटाकडच्या एखाद्या सबसेंटरवर रुजू झालात की आठवड्याभरात लोक तुम्हाला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागतात. 'मी डॉक्टर नव्हे' म्हणून कितीही वेळा सांगा, कुणी मनावर घेत नाही. पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर मीटिंगला तालुक्याला गेलेले असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि बाकावर माणसं खोळंबलेली असतात. कपाटात औषधं आहेत, कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकलेली आहे, हात धरायला कुणी नाही. नव्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो: हे औषध मी देऊ शकते का?

नवीन रुजू होणारे बहुतेक सगळे हेच प्रश्न फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते. निपाणी-चिकोडीकडे किंवा बेळगावात खासगी हॉस्पिटलात लागलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. इंग्लंड-अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या सहीने औषध लिहून देतात. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअर आणि मिडवाइफरी या दोन शाखांत नर्स प्रॅक्टिशनरचे कोर्स आणले आहेत, पण ते काम चालतं हॉस्पिटलच्या प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डरच्या चौकटीत. नर्सला आपल्या नावाने, मनाला येईल ते औषध लिहायचा सरसकट अधिकार आपल्या कायद्यात नाही. तेव्हा तुम्ही दिलेल्या प्रत्येक गोळीमागे दुसरा कुठला तरी लेखी आधार असायला हवा. पुढचं सगळं हा आधार कसा शोधायचा आणि कसा नोंदवायचा, त्याबद्दल आहे.

१. रुजू होण्याआधी कागद गोळा करा

- कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. कोल्हापूर, मिरज, सांगलीला शिकून आलेल्यांनी कान देऊन ऐका: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नंबरावर इथे काम करता येत नाही. तिकडून ना-हरकत घ्यायची आणि इकडे बंगळूरला नोंदणी करायची. वेळ लागतो, म्हणून नोकरीची ऑर्डर निघायची वाट पाहू नका.
- एनयूआयडी, म्हणजे नर्सेसच्या राष्ट्रीय नोंदवहीतला तुमचा क्रमांक. त्यात पत्ता आणि नोकरीचं ठिकाण बदलून घ्या.
- नेमणूकपत्र आणि जॉब चार्ट. पत्र सगळ्यांकडे असतं, जॉब चार्ट मात्र कुणाकडेच नसतो. टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) ऑफिसातून मागून घ्या. उद्या चौकशी लागली तर पहिला प्रश्न 'हे तुमच्या कामात येतं का' हाच असतो.
- स्टँडिंग ऑर्डर. कुठल्या लक्षणाला कुठलं औषध, किती, कुणाला द्यायचं नाही आणि कधी पुढे पाठवायचं, हे लिहिलेला कागद. त्यावर मेडिकल ऑफिसरची सही आणि तारीख हवी. एमओ बदलले की नवीन सही घ्या.
- सबसेंटरची औषध यादी. आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी (हे सबसेंटर-पीएचसींचं आताचं सरकारी नाव) सबसेंटर पातळीवर १०५ आणि पीएचसी पातळीवर १७२ औषधं ठरलेली आहेत. औषध यादीत आहे म्हणजे ते तुम्ही स्वतःहून सुरू करू शकता असं होत नाही. यादी साठ्याची असते. अधिकार वेगळ्या कागदावर असतो.
- रेफरल चिठ्ठ्यांचं पुस्तक, स्टॉक रजिस्टर आणि एक जाड वही. वहीचं काम पुढे येईल.

खासगीत असाल तर स्वतःचा व्यावसायिक विमाही काढा. हॉस्पिटलचा विमा तुम्हाला धरतो की नाही, ते लेखी विचारा.

२. कायदा काय देतो आणि काय नाही

औषधांचा कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे. त्यातल्या शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स मधली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. मग सबसेंटरवर आपण औषधं वाटतो ती कशाच्या जोरावर? शेड्यूल के नावाची सवलतींची यादी आहे. तिच्यात सरकारी आरोग्य आणि कुटुंब कल्याण कार्यक्रमांची औषधं पुरवणाऱ्या पीएचसी-सबसेंटरच्या नर्सेस, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांना विक्री परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे. सूट आहे ती कार्यक्रमातलं औषध लोकांपर्यंत पोचवायला. आजार ओळखून नवं औषध लिहायला नाही. आणि तीही सरकारी कामापुरतीच. संध्याकाळी घरी आलेल्या शेजाऱ्याला आपल्या पर्समधल्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्यात, तर तिथे ही सूट येत नाही.

दुसरा कायदा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, २०१९ चा. त्याच्या कलम ३४ नुसार वैद्यकीय नोंदवहीत नाव नसताना वैद्यक केलं तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यातलं कलम ३२ 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ना मर्यादित परवाना द्यायची तरतूद करतं: प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, बाकी सगळी डॉक्टरच्या देखरेखीखाली. 'कम्युनिटी हेल्थ ऑफिसर' हे आपलं पद ऐकायला तसंच वाटतं, आणि 'आपल्याला कलम ३२ आहे की' असं सांगणारे मीटिंगमध्ये भेटतात. त्या कलमाखालचा परवाना क्रमांक तुमच्या हातात नसेल, तर ते कलम तुमच्या कामाचं नाही. पदाच्या नावाने परवाना मिळत नसतो.

चौकट ओलांडली तर काय होतं ते सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच पूनम वर्मा खटल्यात सांगून ठेवलंय. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. आपल्या नोंदणीबाहेरची पद्धत वापरणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही, असं कोर्टाने ठरवलं. औषध पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, हा बचाव तिथे चालत नाही.

३. प्रत्येक औषधाला एक आधार लावा

माझ्या हिशोबाने आधार तीनच. एक, डॉक्टरांची लेखी चिठ्ठी. दोन, सरकारी कार्यक्रमाची लेखी मार्गदर्शक सूचना किंवा सही असलेली स्टँडिंग ऑर्डर. तीन, जीव वाचवायची आणीबाणी, आणि त्यातही शक्य तितकं दुसऱ्या आधाराला धरून. औषध देताना वहीत त्याच्यापुढे १, २ किंवा ३ लिहा. आकडा लिहिता येत नसेल तर हात आवरा आणि फोन उचला.

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक: आधार दुसरा. लसीनंतर ॲनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) झालं तर मांडीत ॲड्रेनालिनचा एक डोस देऊन पुढे पाठवणं: तेही एएनएमसाठी लेखी दिलेलं आहे, त्यामुळे तिथे थरथरत डॉक्टरांचा फोन लागायची वाट पाहत बसायचं नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर पाठवण्याआधीचा जेंटामायसिनचा पहिला डोस, २०१४ च्या सूचनेप्रमाणे. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, मग १०८ ची ॲम्ब्युलन्स. या ठिकाणी न देणं हीच चूक ठरेल. कायद्याचा धाक घेऊन हात बांधून बसणाऱ्या नर्सही मी पाहिल्यात. मला त्यांची जास्त काळजी वाटते.

आता रोजचं उदाहरण. नवा माणूस आला, बीपी १६८/१०२. ॲम्लोडिपिन कपाटात आहे, डोस तोंडपाठ आहे. तरी सुरू करायचं नाही. निदान आणि पहिली चिठ्ठी डॉक्टरांची, दर महिन्याला गोळ्या देणं आणि नजर ठेवणं आपलं. माणसाला पाच मिनिटं बसवा, पुन्हा मोजा, तिथल्या तिथे ई-संजीवनीवर (सरकारची टेलिमेडिसिन सेवा) डॉक्टरांना जोडा. वहीत असं लिहा: 'बसून, डावा हात, १६८/१०२. पाच मिनिटांनी १६४/१००. छातीत दुखणं नाही, दम नाही. ई-संजीवनी, डॉक्टरांचं नाव, वेळ. ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ रोज एक, ३० गोळ्या, बॅच नंबर. आधार १.' दोन मिनिटांचं काम.

आपल्या भागातली एक खास भानगड. माणूस गोव्यात कामाला, बायको कोल्हापूरची, दिवाळीला गावी येतो. खिशात तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या. महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी इथे चालते, त्याबद्दल शंका नको. पण तारीख बघा. पुन्हा द्यावी असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर नियमाने ती चिठ्ठी एकदाच वापरायची असते. दुसरं म्हणजे गोळ्यांची पाकिटं मागवून बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा. वेगळ्या नावाच्या दोन गोळ्या, आत एकच औषध, आणि माणूस महिनाभर दोन्ही घेतोय, असं सर्रास सापडतं.

४. एकच गोळी, दोन कायदे

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे.

मिसोप्रोस्टॉलचा आणि बेळगावचा संबंध जुना आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला ही गोळी खेड्यात उपयोगी पडते का, याची चाचणी इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने बेळगाव जिल्ह्यातल्याच गावांत झाली. १६२० बायका होत्या, आणि ६०० मायक्रोग्रॅमचा डोस देणाऱ्या होत्या एएनएम, घरी आणि सबसेंटरवर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. जगभर आज नर्स-सुईणींच्या हाती ही गोळी विश्वासाने दिली जाते, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या सिस्टरांचाही हात आहे. हे इथल्या नर्सिंग कॉलेजांत ठळकपणे शिकवायला हवं, असं मला वाटतं. २०१३ मध्ये केंद्र सरकारनेही घरच्या बाळंतपणासाठी ही गोळी एएनएममार्फत द्यायच्या सूचना काढल्या.

म्हणजे बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, ही गोळी सूचनेप्रमाणे दिलीत तर आधार दुसरा.

तीच गोळी 'पाळी चुकली आहे' म्हणणाऱ्या बाईला दिलीत, तर १९७१ चा गर्भपात कायदा लागतो. गर्भपात फक्त त्या कायद्यात बसणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचा. दुसऱ्या कुणी केला तर किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं सक्तमजुरी. गोळी तीच, हात तोच, बदलतो तो हेतू. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या स्टॉकमध्ये एका गोळीचाही फरक राहू देऊ नका, आणि प्रत्येक गोळीपुढे बाळंतपणाची नोंद असू द्या.

मग ती बाई आली तर काय सांगायचं? 'इथे असलं काही होत नाही' म्हणून हाकलायचं नाही. तिला खरी माहिती द्यायची: गर्भपात कायदेशीर आहे, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. ती १८ वर्षांच्या वरची असेल तर संमती तिची एकटीची पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. ही शेवटची गोष्ट तिच्या सासूला काय, कधी कधी स्टाफलाही ठाऊक नसते. कुठे जायचं ते सांगून रेफरल लिहा. नाव बाहेर फोडणं हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा आशाताईंशीही गरजेपुरतंच बोला. दुकानातून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट घेऊन, रक्तस्राव होत आलेली बाई आली तर बोलणी सुनवायची नाहीत. बीपी, नाडी, सलाईन, १०८. बाकीचं नंतर.

५. फोनवरची ऑर्डर

फोनवर सांगितलेलं औषध, डोस, मार्ग तुम्ही पुन्हा वाचून दाखवा आणि डॉक्टरांकडून 'हो' घ्या. वहीत 'फोन ऑर्डर', नाव, वेळ लिहा. पुढच्या भेटीत त्याच ओळीवर सही घ्या. सही राहिली की आठवण करून द्यायला लाजू नका. त्यापेक्षा बरं म्हणजे ई-संजीवनी. २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांत आरोग्य कर्मचारी रुग्णाच्या बाजूने डॉक्टरशी बोलू शकतो, चिठ्ठी मात्र डॉक्टरचीच. सल्लामसलत तुम्ही सुरू केलीत तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन नोंदवा. शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसखालची मादक औषधं टेलिमेडिसिनवर लिहून देता येत नाहीत, कुणी आग्रह केला तरी. आणि रुग्णाच्या फोटोचा, रिपोर्टचा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागमूसही दिसता कामा नये.

६. संमती त्यांच्या भाषेत

फॉर्म कन्नडात किंवा इंग्रजीत असतो, समोरच्या आजींना दोन्ही येत नाही. सही मिळाली म्हणजे संमती मिळाली असं नव्हे. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली निकालात म्हटलंय की उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे कळल्यावर दिलेली तीच खरी संमती. तेव्हा फॉर्म मराठीत समजावून सांगा, मग आजींनाच विचारा, 'आता मला सांगा, काय करणार म्हणालो आपण?' त्या त्यांच्या शब्दांत सांगतील ते ऐका. फॉर्मच्या खाली लिहा: 'मराठीत वाचून व समजावून सांगितले', तुमची सही, साक्षीदाराची सही, वेळ. उलट तुम्हाला कन्नड कमी येत असेल आणि रुग्ण कन्नड असेल, तर तिथेही हेच. दुभाष्या म्हणून नवरा किंवा सासू नको, सहकारी बघा. हा प्रश्न भाषावादाचा नाही, तो बाहेरचा बाहेर ठेवा.

पुढे कुठे पाठवायचं यातही रुग्णाला मत असतं. काहींना बेळगावचं बिम्स हॉस्पिटल नको, कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल हवं असतं. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतल्यापासून ही विचारणा वाढली आहे. तब्येत स्थिर असेल तर निवड त्यांची, तुम्ही चिठ्ठी दोन्हीकडे वाचता येईल अशी इंग्रजीत लिहा. आणीबाणीत जवळचं हॉस्पिटल, दुसरा विचार नाही. नकार दिला तर काय समजावलं ते लिहून त्यांची सही घ्या.

७. वय १८ च्या खाली असेल तर

गरोदरपणाच्या नोंदणीला आलेल्या मुलीच्या आधारवर वय सतरा निघतं, गळ्यात मंगळसूत्र असतं, आई म्हणते 'लिवा की ओ अठरा, कोण बघतंय.' लिहायचं नाही. पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) २०१२, कलम १९: अशी गोष्ट कळली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लग्न झालंय, दोघांच्या मर्जीने झालंय, याने ही जबाबदारी सुटत नाही.

क्रम असा ठेवा. आधी तपासणी, लोहाच्या गोळ्या, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन. सेवा कशावरही अडवायची नाही. मग मुलीला एकटीला बाजूला घेऊन बोला आणि तुमच्यावर काय बंधन आहे ते आधीच सांगा, मागून कळलं तर ती परत पाय ठेवणार नाही. मग पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवा, आणि त्याच दिवशी एमओंनाही लेखी कळवा, पोच घ्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन मदतीला असते. गर्भपाताची गोष्ट असेल, तर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टर आपल्या अहवालात तिची ओळख गुप्त ठेवू शकतात. हे घरच्यांना सांगा, म्हणजे ते भोंदूकडे धावणार नाहीत.

कायदा पाळूनही हे प्रकरण मनाला लागतं. मुलीचं घर मोडतं, गाव तुमच्याशी अबोला धरतो. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. एकटीने ओझं घेऊ नका, एमओ आणि टीएचओंना पहिल्या तासापासून सोबत ठेवा, एवढंच.

८. सुई, सलाईन आणि कोऱ्या सह्या

'एक सुई मारा की ओ बाई, अंग मोडून आलंय.' नाही म्हटलं की माणूस गावातल्या बोगस डॉक्टरकडे जातो, हे खरं. तरीही नाही. नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवू नका. ताप मोजा, पॅरासिटामॉल द्या, दोन दिवसांनी यायला सांगा, आणि ते आले तर ओळख दाखवा.

खासगीतला सापळा वेगळा. काही ठिकाणी डॉक्टर सही केलेलं कोरं पॅड ठेवून जातात आणि रात्रीच्या नर्सने त्यावर औषध लिहावं अशी अपेक्षा असते. लिहू नका. अक्षर तुमचं असतं. सरळ नकार जड जात असेल तर 'सर, तुम्ही फोनवर सांगा, मी फोन ऑर्डर म्हणून लिहिते' असं म्हणा. चांगला डॉक्टर ऐकतो. जो ऐकत नाही, त्याच्याकडून मेट्रनमार्फत लेखी मागा, आणि दुसरी नोकरी शोधायला लागा.

९. काही बिघडलं तर

भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ बघून ठेवा, जुलै २०२४ पासून लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय प्रक्रिया करताना डॉक्टरकडून घडलं तर कमाल दोन वर्षं. ही कमी शिक्षेची सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे, नर्सला नाही. मी हे घाबरवायला सांगत नाही, पण कोऱ्या पॅडवर लिहिताना आठवलं पाहिजे.

म्हणून चुकीचं औषध गेलं, रिॲक्शन आली, काहीही झालं तर आधी रुग्ण. मग एमओंना फोन, वेळ नोंदवून. रिकामी व्हायल, स्ट्रिप, सिरिंजचं पाकीट फेकू नका, बॅच नंबरसकट पिशवीत घालून बाजूला ठेवा. नातेवाइकांना काय झालं ते साध्या शब्दांत एमओंसोबत सांगा, लपवालपवी नको. घडलेलं त्याच दिवशी क्रमाने लिहून काढा. आणि रजिस्टरला हात लावू नका. पान फाडायचं नाही, व्हाइटनर नाही, मागच्या तारखेची ओळ मध्ये घुसडायची नाही. जुनी नोंद चुकलीच असेल तर तिच्यावर एकच रेघ मारा, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, आजची तारीख, वेळ आणि पूर्ण सही.